क्वेकसाहेबांनी काढलेले बाक

सन्माननीय अध्यक्षा, व्यापारी संघाच्या मॅडम पुआ. आजचे सत्कारमूर्ती, आपल्या मॉलचे मावळते व्यवस्थापक क्वेकसाहेब. व्यासपीठावर मऊ खुर्च्या मिळालेले मान्यवर आणि खाली प्लास्टिकच्या मिळालेले माझे बंधुभगिनी! मागे उभे आहेत त्यांना विशेष नमस्कार. आजचा विषय तुमच्याच पायांचा आहे.

मला इथे ग्राहकांची प्रतिनिधी म्हणून बोलावलंय. योग्यच आहे. दार उघडायच्या आधी मी हजर असते आणि दिवे मालवेपर्यंत हलत नाही. खरेदीचं मात्र कृपा करून विचारू नका, सत्काराचा दिवस आहे.

साहेब नवे नवे आले, तेव्हा कारंज्याजवळच्या बाकांवर आम्ही म्हातारी मंडळी दिवसभर बसलेली त्यांना दिसली. गार हवा फुकट, गप्पा फुकट. एका सकाळी येऊन बघते तो बाक गायब! मी विचारलं, "साहेब, बाक कुठे गेले हो?"

"सोहमावशी, माणूस बसला की बसूनच राहतो. पाय दुखले की दुकानात शिरतो. हे व्यापाराचं शास्त्र आहे."

आता शास्त्रापुढे आपण काय बोलणार? पण नवरा गेल्यापासून बाराव्या मजल्यावरच्या माझ्या घरात दिवसभर कुणाचा आवाज नव्हता. 'जेवलीस का गं?' असं विचारणारी दोनच माणसं उरली होती, आणि ती त्या बाकावर भेटायची. त्या दिवशी घरी जाऊन मी रडले. हो, रडले. मग तोंड धुतलं आणि दोघांना फोन लावला, "चला, साहेबांचं ऐकू या. दुकानात शिरू या."

रमलीभाऊ गाद्यांच्या दुकानात शिरले. गादी घ्यायची तर निजून बघायला नको का? त्यांनी बघितली, दुपारपर्यंत, घोरत. लेच्चुमीअक्का चपलांच्या दुकानातल्या एकुलत्या एका स्टुलावर बसल्या. डावा पाय, मग उजवा, मग पुन्हा डावा. विक्रेतीला म्हणाल्या, "पोरी, संध्याकाळी माझे पाय सुजतात. तेव्हाचं माप बघूनच जाते." मी मालिशच्या खुर्च्यांकडे गेले. तिथला विक्रेता फार सज्जन. तिसऱ्या दिवशी त्याने मला कॉफी पाजली आणि गयावया केली, "मावशी, खुर्ची रिकामी दिसली तर कुणी विकत घेईल हो!"

आठवडाभरात सगळे दुकानदार साहेबांच्या केबिनमध्ये. मॅडम पुआ, तुम्हीच सगळ्यांच्या पुढे होतात, नाही म्हणू नका. बाक परत आले. पण साहेबच ते! कुणी आडवं होऊ नये म्हणून मधे मधे लोखंडी दांडे बसवून घेतले. रमलीभाऊंनी दांड्यावर हात टेकला आणि म्हणाले, "वा! उठताना आधार झाला."

असो. परवा सौ. क्वेक मला बाजारात भेटल्या. चेहरा उतरलेला. "सोहताई, येत्या सोमवारपासून हे दिवसभर घरात! आत्तापासूनच माझ्या मसाल्याच्या बरण्या उंचीप्रमाणे लावून ठेवल्यात. मी जरा पंख्याखाली बसले, तर विचारतात, कामं आटपली का? सांगा, यांना कुठे बसवू?"

साहेब, मान खाली घालू नका. निवृत्त माणसाची दुपार किती लांब असते ते आम्हाला ठाऊक आहे. त्याची चेष्टा मी करणार नाही. फार नाही करणार.

व्यापारी संघाने तुम्हाला सोनेरी पेन दिलं. आमची ऐपत तेवढी नाही. खांबाजवळच्या बाकावर, पाठ टेकायला मिळते त्या कोपऱ्यात, आम्ही कागदी रुमालांचं एक पाकीट ठेवून आलोय. आपल्या सिंगापुरात पाकीट ठेवलेली जागा म्हणजे धरलेली जागा. मंत्री आला तरी शेजारी उभा राहील. ती तुमची. खरेदीची सक्ती नाही.

तुम्ही सगळ्यांनी शांतपणे ऐकलंत, आभारी आहे. या म्हातारीच्या जिभेकडून अधिकउणं गेलं असेल तर पोटात घाला. साहेबांनी मात्र घालू नये. त्यांनी सोमवारी दहाला यावं आणि माझ्याशी भांडावं. घाई काय आहे? बसून भांडू.