आधीचं नाव

माझं दगडांचं वेड तुम्हाला माहीतच आहे. आम्ही विरारला नवीन होतो तेव्हा कामणच्या खाणीतून मी एक स्फटिक आणला. आकार हुबेहूब कॅल्साइटचा, पण ॲसिडचा थेंब टाकला तर फसफसेचना! कॅल्साइट केव्हाच विरघळून गेलं होतं आणि त्याच्याच आकारात क्वार्ट्झ बसलं होतं. मी चिठ्ठी लिहिली, ‘क्वार्ट्झ, आधीचं कॅल्साइट.’

शेजारी बसून माझी बायको माधवी डाळिंब्या सोलत होती. तिने चिठ्ठी वाचली.

“जे उरलंच नाही, त्याचंही नाव लिहिता?”

“लिहावंच लागतं. आकार त्याचा आहे ना!”

दगड उजेडाकडे धरून ती बराच वेळ बघत राहिली. “दगडांचं बरं असतं,” म्हणाली आणि आत गेली.

मग मला आठवलं. लग्नात ताटातल्या तांदळांत मी अंगठीने ‘माधवी’ लिहिलं, त्याआधी ही कुंदा होती. वीस वर्षांत मी ते नाव एकदाही घेतलं नव्हतं.

दुपार पेंगुळलेली होती. दगडातला उजेड भिंतीवर हलत होता. काय वाटलं कोण जाणे, मी हळूच हाक मारली, “कुंदा!”

आतून परकरी पोरीच्या आवाजात लगेच उत्तर आलं,

“आले गं आई!”