कौतिक-चुडामणचं नोबेल

...आता मला सांगा, वाचनालयाच्या वाढदिवसाला मास्तरनं चार शब्द बोलावेत की नाही? बोलावेत! पण बोलला म्हणून गावानं त्याला धरून न्यायाधीश करावं? अहो, मी नुसता भाषणाला उभा राहिलो होतो हो!

सत्त्याऐंशी सालची गोष्ट. पाचोऱ्याजवळचं आमचं केळीचं गाव. विषय घेतला 'नोबेल शांतता पुरस्कार'. म्हटलं, बाबांनो, स्वीडन देशात आल्फ्रेड नोबेल नावाचा एक कारखानदार होता, त्यानं डायनामाइट शोधून काढलं... तेवढ्यात मागून कौतिक आबा उठले, "गुरुजी, हाऊच का तो, विहीरमा लावतस तो सुरुंग?" झालं! पेंगणारी सभा ताडकन जागी!

कारण तुम्हाला सांगतो, कौतिक आबा आणि त्यांचे धाकटे भाऊ चुडामण नाना, दोघांत मिळून बांधावर एकच विहीर. तळाला खडक, पाणी आटलेलं, सुरुंग लावायलाच हवा. थोरला म्हणे माझ्या अंगाला, म्हणजे माझ्या बाजूला लावा, धाकटा म्हणे माझ्या! त्यावरून बोलणं बंद. दोघांच्या केळी उभ्या माना टाकतायत, पण जो आधी बोलेल तो हरला ना!

बरं, मी तिथं गप्प बसावं? छे! मी रंगात आलेलो! म्हटलं, नोबेलचा भाऊ वारला आणि पेपरवाल्यांनी म्हणे ह्याचीच मयत छापली, 'मरणाचा व्यापारी गेला!' जित्या माणसानं स्वतःची मयत वाचली! ते म्हणे त्याच्या जिवाला लागलं आणि मृत्युपत्रात बक्षिसं ठेवली. बाकीची स्वीडनमध्ये, शांततेचं तेवढं नॉर्वेत. तिथल्या संसदेनं नेमलेली पाच माणसं ठरवतात. फार तर तिघांत वाटून देतात, लायक कुणी दिसलं नाही तर त्या साली देतच नाहीत! आणि स्वतःचं नाव स्वतः सुचवायचं नाही...

चुडामण नानांच्या भिकुबाई पदर खोचून उभ्या! "मंग आपला गावमाबी द्या ना आसं बक्षीस! जो भांडन मिटाडी त्याले!"

टाळ्या! सरपंचांनी तिथल्या तिथं पाच जणांची समिती केली, शाल-नारळ जाहीर केलं, आणि अध्यक्ष कोण? मी! अहो, मी नुसता भाषणाला उभा राहिलो होतो! नॉर्वेत नावं पन्नास वर्षं गुपित ठेवतात, आमची बातमी चहा गार व्हायच्या आत एरंडोलला पोचली!

रविवारी मारुतीच्या पारावर बैठक. कौतिक आबा आले, "गुरुजी, मन्हं नाव लिखा." म्हटलं, स्वतःचं चालत नाही. "मंग बायको सुचाडी." म्हटलं, घरचं म्हणजे स्वतःचंच! हा नियम मी आपला ठोकून दिला.

आबांनी मान वळवली. पाराच्या दुसऱ्या टोकाला चुडामण नाना, त्यांची नजर जमिनीत. आणि काय सांगू तुम्हाला, आबांचा आवाजच बदलला. "मंग चुडामणनं नाव लिखा. माले साप चावना तधय हाऊ माले खांदावर टाकीसन पाचोराले पयत गया."

नाना उठले. "नही गुरुजी, आबानंच लिखा. बाप गया तधय सोता उपाशी ऱ्हायना, पन माले उपाशी नही झोपू दिन्हं."

मिशावाले दोन बाप्ये, भर पारावर, गळ्यात गळा घालून हमसून हमसून रडतायत! माझाही चष्मा ओला! भिकुबाई डोळे पुसत म्हणतात, "रडनं व्हयनं व्हई ते सुरुंग कोनता आंगे लावाना ते सांगा!"

"आबाना आंगे!" नाना म्हणाले.

"नही, चुडामणना आंगे!" आबा म्हणाले.

"आबानाच!"

"तू माले शिकाडस का?"

पुन्हा जुंपली! आता उलट्या बाजूनं! समितीनं दोघांचे हात धरून निकाल दिला, सुरुंग बरोबर मधोमध! लावला, धडाडधूम आवाज झाला, गावातली भांडी हलली, आणि खडकातून पाण्याची अशी धार सुटली, की दोघं भाऊ कपड्यांसकट आत उतरून लहान पोरांसारखे पाणी उडवायला लागले! बक्षीस दोघांत मिळून. एकच शाल दोघांच्या खांद्यांवर पसरली आणि नारळ तिथंच फोडून खाल्ला.

इथं गोष्ट संपायला हवी होती की नाही? पण ते बक्षीस गावानं दरसाल चालूच ठेवलंय, आणि परवा सुपडू आणि जीवराम दारात उभे. जन्माचे दोस्त, एका ताटात जेवणारे, आजवर एकमेकांच्या अरेला का रे केलं नाही! म्हटलं, काय रे बाबांनो? तर सुपडू म्हणतो, "गुरुजी, आम्हीन कधी भांडनूतच नही, म्हनीसन आम्हले बक्षीसच भेटत नही. हाऊ काय न्याय शे?"

मी म्हटलं, मग?

तर जीवराम मोठ्या प्रेमानं त्याच्या खांद्यावर हात टाकून म्हणतो, "मंग आजपाईन आम्हीन भांडी ऱ्हायनूत. फक्त कसावर भांडानं, तेवढं तुम्ही सांगा!"

बसलोय आता, त्यांच्यासाठी एखादं बरंसं भांडण शोधत!