सात पत्र्यांची टाकी

सुमनवहिनी, प्रज्ञा, वस्तीतली वडीलधारी मंडळी आणि आपल्या प्लँटमधले सगळे जण. विहारात जागा नाही म्हणून बाहेर उन्हात थांबलेले, तेसुद्धा. जरा पुढे सरका. सगळ्यांना ऐकू यायला हवं. माझा आवाज मुळात मोठा नाही, आणि गेले नऊ दिवस तो धड फुटतही नाही.

मला सभेत बोलायची सवय नाही. जे ओळखत नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. मी मधुकर म्हात्रे, कशेळीचा. काशिनाथ गायकवाड ज्या केमिकल प्लँटमध्ये कामाला होता, तिथे मी ड्राफ्ट्समन आहे. नकाशे काढतो. पत्रा किती लागेल, वेल्डिंग किती लागेल, खर्च किती येईल, ते काढतो. चार माणसांपुढे उभं राहायचं म्हटलं की माझी बोबडी वळते. सकाळी भंतेजींना म्हटलं, मला सगळ्यांत शेवटी बोलू द्या. ते म्हणाले, शेवटी का? मी म्हटलं, मी बोलल्यानंतर दुसऱ्या कुणाला बोलावंसं वाटणार नाही.

आतापर्यंत सगळे काशीदादाबद्दल चांगलं बोलले. खरं तेच बोलले. निजामपुऱ्यात चौदा वर्षं लूम चालवला, मालकाने लूम विकले तेव्हा आपल्याकडे ॲसिड यार्डात आला. कुणाचं लग्न असो, कुणाची मयत असो, हा पहिला हजर. सगळं खरं. पण काशीदादा गेला कसा, ते कुणी बोललं नाही. पाईप निसटला, एवढंच प्रत्येक जण म्हणाला. पाईप निसटला. पाईप निसटला. अरे, पण तो पाईप हातात धरायची वेळ त्याच्यावर आली का? हे कुणी विचारलं?

मी सांगतो. वहिनी, ऐकताना तुम्हाला त्रास होईल. पण माझ्याकडून नाही ऐकलंत तर कुणाकडूनच ऐकायला मिळणार नाही.

आपल्या यार्डात सल्फ्युरिक ॲसिडची एक टाकी आहे. ॲसिड टँकरने येतं. टँकर दहा टनांचा आणि आपली टाकीही दहा टनांची. ऐकायला बरोबर वाटतं ना? आता घरातलं बघा. समजा तुमच्या घरी पाण्याचं पिंप आहे आणि पाणीवाला येतो तो बरोबर पिंपभर पाणी घेऊन येतो. पिंप कोरडं पडल्यावर तो आला तर ठीक. पण कोरडं पडेपर्यंत थांबलात तर स्वयंपाक बंद. म्हणून त्याला दोन दिवस आधीच बोलवावं लागतं. तो आला की पिंपात उरलेलं पाणी कुठे ठेवणार? हंड्या-कळशांत काढून ठेवाल. पाणी आहे, काढाल. आपल्याकडे ते ॲसिड होतं.

दर दहा-बारा दिवसांनी हेच. टँकर फाटकावर यायचा. कशेळीला ट्रॅफिकमध्ये अडकला तर दुपारी, नाही तर सकाळीच. ड्रायव्हर हॉर्न वाजवत बसायचा, जल्दी खाली करो, मेरेको वापस जाना है. आणि काशीदादा टाकीच्या खालच्या व्हॉल्व्हला रबरी पाईप लावून उरलेलं ॲसिड प्लास्टिकच्या कॅनमध्ये काढायचा. तीसेक कॅन. हे ॲसिड पाण्याच्या जवळजवळ दुप्पट जड असतं. पस्तीस लिटरचा कॅन साठ किलोच्या वर जातो. तो उचलायचा, भिंतीशी नेऊन ठेवायचा, पुढचा लावायचा. असं तीन वर्षं. एकूण किती कॅन झाले असतील, हे काढणं खरं तर माझंच काम. मी बसलो होतो कागद घेऊन. नाही काढवलं.

ती टाकी कागदावर कुणी काढली? तुमच्यातल्या कितीतरी जणांनी तिला शिव्या घातल्यात. माझ्यासमोर घातल्यात. ती टाकी मी काढली.

अठ्ठ्याऐंशी साल होतं. मला नोकरीला लागून पाच महिने झाले होते, सहाव्या महिन्यात पर्मनंट करायचं की काढायचं ते ठरणार होतं. मॅनेजरसाहेब म्हणाले, ॲसिडची टाकी किती मोठी लागेल ते ठरव, नकाशा काढ, खर्च दे. मी काढली. नीट काढली. टँकरचे दहा टन, त्यावर चार दिवस पुरेल एवढा साठा, त्यावर थोडी मोकळी जागा. सोळा टनांची टाकी आली. आठ बाय चारचे दहा पत्रे लागत होते.

शेठनी कागद हातात घेतला. म्हणाले, "टँकर दस टन का, तो टाकी सोलह की क्यों? छह टन हवा भरनी है क्या?" केबिनमध्ये सगळे हसले. मीही हसलो. उत्तर मला येत होतं. आत्ता तुम्हाला पिंपाचं सांगितलं ना, तेवढंच उत्तर. अर्ध्या मिनिटाचं. ते माझ्या तोंडातून बाहेर आलं नाही. मी म्हणालो, "छोटी करता हूँ सर." खाली आलो, ब्लेडने ट्रेसिंग पेपरवरची शाई खरवडली आणि दहा टनांची टाकी काढली. सात पत्रे. तीन पत्रे वाचले. लोखंडाचे तीन पत्रे, मंडळी. भंगारवाल्याकडे हातगाडीवर नेता येतील एवढे.

पुढच्या महिन्यात मला पर्मनंटचं पत्र मिळालं. मी पेढे वाटले. काशीदादानेही एक घेतला.

त्याला तेव्हा येऊन महिनाच झाला होता. टाकीचं फाउंडेशन चाललं होतं, मी नकाशा पसरून उभा होतो. तो मागून आला आणि माझ्या खांद्यावरून वाकून बघायला लागला. म्हणाला, "साहेब, येवढीच टाकी? टँकर काय टाकी खाली झाली का म्हनून इचारून येनार हाय?"

महिन्याभरापूर्वी लूमवर असलेला माणूस. एका नजरेत त्याने ओळखलं. आणि मी त्याला काय म्हणालो असेन? मी म्हणालो, "तू तुझं काम कर. हे शिकलेल्या माणसाचं काम आहे." असं बोललो मी त्याला. तो "बरं साहेब" म्हणाला आणि घमेलं उचलून गेला. मला त्याचा राग आला होता, कारण तो बरोबर होता.

मग पहिल्यांदा कॅन भरायची वेळ आली. सगळे वैतागलेले. कुठल्या गाढवाने काढली ही टाकी, असं चाललं होतं. मी तिथेच उभा. काशीदादाला सगळं माहीत होतं. त्याने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "टाकीचं पोट बारीक हाय, आपल्या साहेबांसारखं. दोघांना पन जेवाया घाला." सगळे हसले, विषय तिथेच संपला. त्याने माझी अब्रू वाचवली. त्यानंतर तीन वर्षं आम्ही एका किटलीतला चहा प्यायलो. त्याने एकदाही तो विषय काढला नाही. मीही काढला नाही. दर वर्षी खर्चाचा अंदाज द्यायची वेळ आली की वाटायचं, दुसरी टाकी मागावी. मग वाटायचं, मागितली तर विचारतील, पहिली लहान का काढलीस. म्हणून नाही मागितली.

त्या दिवशी टँकर अकराला आला. अकरा कॅन भरून झाले होते. बाराव्याला पाईप निसटला. यार्डातला मुरली आणि वॉचमन बादल्यांनी पाणी ओतत होते, ओतत होते. पुढचं मी सांगणार नाही. त्याची लेक प्रज्ञा समोर बसली आहे.

तिसऱ्या दिवशी मी हॉस्पिटलमध्ये गेलो. डोळ्यांवर पट्टी होती. माझा आवाज ओळखून त्याने विचारलं, "साहेब, टँकर खाली झाला का?" मी म्हटलं, झाला. "बरं झालं," म्हणाला. "डायवर लई कटकट करत व्हता." एवढंच आमचं शेवटचं बोलणं. मला त्याचे पाय धरायचे होते. पायांनाही पट्ट्या होत्या.

आता कंपनीने एक कागद तयार केला आहे. त्यात लिहिलंय, कामगाराने पाईपची क्लिप नीट आवळली नाही, कामगाराच्या निष्काळजीपणामुळे अपघात झाला. टाकीचं नाव त्या कागदात कुठेच नाही. खाली अकरा जणांच्या सह्या आहेत. मी नावं घेत नाही. तुम्ही इथेच बसला आहात. तुम्हाला काय सांगितलं तेही मला ठाऊक आहे. सही करा, नाही तर उद्यापासून गेटवर येऊ नका. मी तुम्हाला कुठल्या तोंडाने बोलू? तुमच्या तीन वर्षं आधी मी सही केली आहे, नकाशाच्या कोपऱ्यात, माझ्या चांगल्या अक्षरात.

क्लिपचं म्हणाल तर ती त्याने आवळली होती की नव्हती, मला माहीत नाही. इथे उभा राहून मी खोटं बोलणार नाही. इतक्या वेळा लावली, एकदा सैल राहिली असेल. माणूस होता तो. पण टाकी सोळा टनांची असती तर त्या व्हॉल्व्हला पाईपच लावावा लागला नसता. मग कसली क्लिप आणि कसला निष्काळजीपणा?

सोळा टनांच्या नकाशाची एक प्रिंट मी कपाटात ठेवली होती. परवा शोधायला गेलो. कपाट रिकामं. साफसफाई केली म्हणे. मॅनेजरसाहेबांना विचारलं तर ते म्हणाले, "म्हात्रे, तुम्हाला दोन मुलं आहेत ना?" सुपरवायझरसाहेब मागे खांबापाशी बसले आहेत. साहेब, मी हे सगळं इथे बोललो, ते खुशाल वर सांगा. मीच सांगणार आहे.

गुरुवारी फॅक्टरी इन्स्पेक्टर येणार आहेत. मी त्यांच्यापुढे उभा राहणार. पण मी एकटा गेलो तर काय होईल? हातात कागद नाही. ज्याने टाकी काढली तोच आता उलटला, असं म्हणतील. डोक्यावर परिणाम झालाय म्हणतील. माझ्या शब्दाची किंमत किती, हे मी अठ्ठ्याऐंशीतच दाखवून दिलं आहे. मला तुमची गरज आहे. हात जोडतो. मी उभ्या आयुष्यात कुणापुढे एवढा लाचार झालो नव्हतो. तुम्ही कॅन उचललेत, तुम्ही बघितलंत. तुम्ही फक्त एवढंच सांगा, की दर टँकरला कॅन भरावे लागायचे. शेठना शिव्या घालू नका, मोर्चा काढू नका. एवढं एक वाक्य सांगा आणि त्या कागदावरची सही मागे घ्या.

कारण तो कागद तसाच राहिला तर टाकीही तशीच राहणार. काशीदादाच्या जागेवर आता मुरलीला लावलंय. मुरली, मान वर कर. काल तू मला विचारलंस, साहेब, क्लिप किती आवळायची? मला रात्रभर झोप नाही. शनिवारी पुढचा टँकर आहे.

परवा वहिनी मला म्हणाल्या, "भाऊजी, ऑफिसचा माणूस सांगून गेला, त्यांच्याच हातून चूक झाली. खरं काय ते सांगा." आणि मी, एवढं सगळं होऊनसुद्धा, म्हणालो, चौकशी चालू आहे. वहिनी, कसली चौकशी? चूक माझी होती. तुमच्या माणसाने ती टाकी उभी राहायच्या आधीच दाखवली होती आणि मी त्याला गप्प बसवलं. मला माफ करा असं मी म्हणणार नाही. ते मागायचं धाडस माझ्यात नाही. प्रज्ञा, शाळेत कुणी तुझ्या वडिलांना निष्काळजी म्हटलं, तर त्याला माझं नाव सांग, माझा पत्ता दे.

काशीदादा, तू रोज सकाळी फाटकावर मला जय भीम म्हणायचास आणि मी नुसती मान हलवायचो. साहेब होतो ना मी. आज सगळ्यांसमोर म्हणतो. जय भीम, काशीदादा.

आता सगळे उभे राहा. दोन मिनिटं शांत उभे राहू. ती झाली, की ज्यांना गुरुवारी माझ्याबरोबर यायचं नसेल त्यांनी खाली बसावं. मी कुणाला काही विचारणार नाही, घरी प्रत्येकाची चूल आहे. ज्यांना यायचं असेल त्यांनी उभंच राहावं. मी इथेच उभा आहे. माझं घड्याळ मी प्रज्ञाकडे दिलं आहे. दोन मिनिटं कधी झाली, ते ती सांगेल.