बर्फाच्या चार वह्या

हॅलो?… हो, माधव रेग्यांचं घर. मी पद्मजा, त्यांची बायको… क्षितिजा ना तू? गोव्याची, बर्फाचा अभ्यास करणारी? नाहीत ते. ठाकूरद्वारला गेलेत, किल्लीवाल्याला आणायला. दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून. ट्रंक उघडायची, तर इस्त्री कशाला, सांग.

हो, हो… अगं ऐक ना.

तुला हव्यात त्या वह्या ट्रंकेत नाहीत.

…चारही. सत्त्याऐंशीच्या, अंटार्क्टिकातल्या. हे तिथे वायरलेसवर होते. रविवारी हौसेने गोठलेल्या समुद्राला भोकं पाडायची, बर्फाची जाडी मोजायची, लिहायची. इथे मी फणसवाडीत तान्हा वरद घेऊन… जाऊ दे.

कुठे गेल्या म्हणजे? शाळा सुरू व्हायच्या आधी आपल्याकडे काय करतात? जुन्या वह्यांची कोरी पानं काढायची, दाभणाने शिवायची, झाली रफ वही. यांच्या वह्या अर्ध्या कोऱ्याच होत्या. वरद तेव्हा पाचवीत. लिहिलेली पानं रद्दीत गेली.

…नाही गं, रागाने नाही. बरं, थोडं रागाने. पण वाटलं, बर्फ कुठे पळून जातोय? लागलाच आकडा, तर पुन्हा जाऊन मोजेल कुणीतरी…

हं.

हो, परवाच म्हणालीस, बर्फ कमी कमी होतोय, पण आधी किती होता ते लिहिलेलं नाही. त्या किनाऱ्यावर दुसऱ्या कुणीच मोजलं नव्हतं?… कुणीच?

…माहीत नव्हतं, असं तरी कसं म्हणू. हे सांगायचे. मी भाजी निवडत हं हं करायचे.

थांब, ठेवू नकोस. एक पान आहे. मागची बाजू कोरी होती, म्हणून तेही शिवलं. वरदची वही जपलीय ना मी… हो, मुलाची जपली. बोल, तूही बोल. घे लिहून. नऊ ऑगस्ट. भोक तिसरं. एकशे बेचाळीस सेंटिमीटर… मागे? मागे वरदचे अपूर्णांक. सगळे चुकलेले.

एका आकड्याने काय होणार?… हं. वाटलंच.

जिन्यात आवाज येतोय. तेच. किल्लीवाल्याला पेंग्विनच्या गोष्टी सांगत चढतायत… नको, तू नको सांगूस. फाडल्या मी, सांगते मीच. किल्ली हरवलीबिरवली नाही गं. तुझा पहिला फोन आला, तेव्हापासून माझ्या पिठाच्या डब्यात आहे… हो, ठेवते.

अहो, किल्लीवाल्यांना दारातूनच परत पाठवा. आणि जरा बसा.