पंखा तर फिरत होता

हसायचं नाही, आधीच सांगते. शुक्रवारी बारा वाजता माझा ऑनलाइन इंटरव्ह्यू, आणि दहाला लॅपटॉप चार्जच होईना. पिन काढली, पुसली, परत घातली. लॅपटॉप बंद करून चालू केला. प्रत्येक खोलीतल्या प्लगला लावून बघितलं. बॅटरी नऊ टक्के. डोक्यावर पंखा मस्त फिरतोय, म्हणजे लाईटचा प्रश्नच नाही.

आई म्हणाली, "जरा बस, चहा घे." मी बसतेय कुठली. शिरगावातून स्कूटी काढली ती थेट उल्हासनगर, कॅम्प चारच्या बाजारात. रिपेअरिंगवाल्या सिंधी काकांना म्हटलं, "अंकल, बॅटरी गयी या चार्जर गया, जल्दी देखो."

त्यांनी माझाच चार्जर लावला. लगेच चार्जिंग सुरू.

"घर में लाईट थी?"

"पंखा चालू था ना."

"इन्व्हर्टर है?"

मी कपाळावर हात मारला आणि त्यांना सगळं सांगून टाकलं. आमच्याकडे शुक्रवारी दुरुस्तीसाठी लाईट जाते, म्हणून गेल्याच महिन्यात मीच हट्टाने इन्व्हर्टर बसवून घेतला होता. फक्त पंख्यांना आणि दिव्यांना.

घरी परतायला वेळ नव्हता. तिथेच काउंटरवर इंटरव्ह्यूला बसले. नोकरी कसली, तर ऑफिसातल्या लोकांचे बिघडलेले कॉम्प्युटर बघायची. पहिलाच प्रश्न आला, "कोणाचा लॅपटॉप चार्ज होत नसेल, तर आधी काय तपासाल?"

मी तोंड उघडायच्या आत मागून काका म्हणाले, "पहले पूछने का, आज शुक्रवार है क्या."