मुखपृष्ठ नसलेला गौरव अंक

आदरणीय अध्यक्ष, आमचे संपादक महोदय. व्यासपीठावरील मान्यवर पाहुणे. आजचे सत्कारमूर्ती, तीस वर्षं आमच्या दैनिकाचे छायाचित्रकार असलेले आणि आज निवृत्त होणारे आपले मास्तर. समोर बसलेल्या वहिनी, आणि जमलेल्या माझ्या सहकारी बंधुभगिनींनो,

तुमच्या हातातल्या गौरव अंकाला मुखपृष्ठ नाही, हे एव्हाना तुमच्या लक्षात आलं असेल. अंकाचं काम माझ्याकडे होतं, तेव्हा खुलासाही मीच करायला हवा.

गर्दीचा फोटो मास्तर बिनदिक्कत काढत. पण रस्त्यावरचा एकटा चेहरा टिपला, की त्या माणसाला गाठून विचारायचे, "छापू का?" इकडे छपाईला जायचं पान अडलेलं, पान लावणारा मी वैतागलेलो! एकदा ओरडलोच, "उघड्यावर बसलेल्या माणसाला काय विचारायचं?" मास्तर शांतपणे म्हणाले, "उघड्यावर बसला होता, साहेब. पेपरात बसायला नव्हता आला."

नाही म्हणणाऱ्यांचे फोटो ते एका पाकिटात ठेवत. मागे पेन्सिलीनं तारीख, पत्ता आणि त्या माणसाचे शब्द. मागच्या महिन्यात मी ते पाकीट उघडलं. कोर्टाच्या पायरीवर, चपला काढून, मनमोकळं हसणारी एक बाई. इतका सुंदर फोटो आम्ही कधी छापलाच नव्हता! मागे लिहिलेलं, 'मुलींना आधी मी सांगेन.' म्हटलं, अठरा वर्षं झाली, आता कोण विचारतंय? आणि दिला मुखपृष्ठावर. पाचशे प्रती.

परवा वहिनींनी तो पाहिला. म्हणाल्या, "भाऊजी, यांनी जन्मभर पाळलेला शब्द तुम्ही निरोपाच्या दिवशी मोडणार?"

धावतपळत त्या पत्त्यावर गेलो. बाईंनी फोटो बराच वेळ पाहिला. "छान हसलेय मी." माझा जीव भांड्यात पडला. मग म्हणाल्या, "पण नकोच."

"आता तर मुलींनाही माहीत असेल. मग का नको?"

"मास्तरांनी 'का' नव्हतं विचारलं."

काल दिवसभर छपाईखात्यातली मंडळी आणि मी मुखपृष्ठं फाडत होतो. मूळ फोटो बाईंना देऊन आलो. आज इथे एवढंच सांगायची त्यांची परवानगी आहे. पुढचं मी विचारलेलं नाही.

मास्तर, हे तुम्हाला आत्ताच कळतंय. तीस वर्षं तुमच्यावर चिडलो, आणि एका दुपारी तुमचं काम करायची वेळ आली तर दारावरच्या बेलपाशी जाऊन दोनदा मागे फिरलो. तुम्ही ते रोज करत होता. मला तुमचा फार अभिमान वाटतो.

संयोजकांचे, छपाईखात्याचे आणि विशेषतः वहिनींचे आभार. बोलण्याच्या ओघात काही कमीजास्त झालं असेल तर सभागृहानं सांभाळून घ्यावं. मुखपृष्ठाची माफी मात्र मी सभागृहाकडे मागत नाही. ज्या बाईंकडे मागायची, त्या आज मास्तरांसाठी इथे आल्या आहेत. कोणत्या रांगेत बसल्या आहेत, ते मी सांगणार नाही.