डाव्या कुशीची चक्कर

सन्माननीय अध्यक्षमहाराज, व्यासपीठावरील डॉक्टरमंडळी, आज निवृत्त होणारे आपले कानाचे डॉक्टरसाहेब, समोर बसलेले सहकारी आणि पहिल्या रांगेत बसलेले आमचे हे, सर्वांना नमस्कार.

मी खिडकीवर केसपेपर काढणारी बाई. माझं काम भाषणाचं नाही, "पुढचा" म्हणण्याचं. पण आज बोलायची संधी मी मागून घेतली.

गेल्या वर्षी मला चक्कर सुरू झाली. डाव्या कुशीवर वळले की खोली गरगरायची. इस्पितळ तर घरचंच. हाडांच्या डॉक्टरांनी दोष मानेत काढला आणि गळ्यात पट्टा घातला. पोटाच्या डॉक्टरांना तो पित्तात सापडला. ज्याच्या त्याच्या विभागात मी रीतसर आजारी होते. अध्यक्षमहाराजांनी तर वेळात वेळ काढून मला तपासलं आणि म्हणाले, "बाई, तुम्ही मनाला फार लावून घेता." त्यांचे उपकार मी कसे विसरेन? ते वाक्य आमच्या ह्यांनी ऐकलं ना.

आता पंचाईत अशी, की डाव्या बाजूला हे झोपतात.

"उजवीकडे वळलीस तर काही होत नाही?"

"नाही."

"म्हणजे माझ्याकडे वळलं की चक्कर?"

सासूबाई म्हणाल्या, "सरळ सांग की, त्याचं तोंड बघवत नाही म्हणून." ह्यांनी उशी उचलली आणि बाहेरच्या खोलीत गेले. लग्नाला वीस वर्षं झालेली. तुम्हाला हसू येतंय, मला तेव्हा रडू यायचं.

शेवटी उरला कान. डॉक्टरसाहेबांची खोली सगळ्यात टोकाला, स्टोअरला लागून. त्यांनी ह्यांनाही आत बोलावलं आणि मला विचारलं, "चक्कर नेमकी केव्हा येते?" किती येते हे सगळ्यांनी विचारलं होतं, केव्हा ते कुणीच नाही. मग माझं डोकं डावीकडे वळवून मला झटकन आडवं केलं, मान टेबलाच्या कडेखाली. खोली फिरली. "डोळे मिटू नका," मला म्हणाले, आणि ह्यांना म्हणाले, "या, बुबुळं बघा." बुबुळं आपली आपण उड्या मारत होती. हे म्हणाले, "अगं, तुला खरंच चक्कर येते की."

कानाच्या आत बारीक कण असतात म्हणे. ते जागा सोडून भलत्या नळीत शिरले की डोकं हलताच सगळं फिरतं. डॉक्टरसाहेबांनी थांबत थांबत माझं डोकं उजवीकडे वळवलं, मग उजव्या कुशीवर घेऊन नाक जमिनीकडे केलं आणि उठवून बसवलं. ना गोळी, ना पट्टा. असला बिनखर्चाचा इलाज फार कुणाला दिसू नये म्हणूनच बहुधा त्यांना ती खोली दिली असावी. उद्यापासून तिथं स्टोअर वाढवणार आहेत.

डॉक्टरसाहेब, कण तुम्ही जागेवर आणलेत. हेही उशी घेऊन परत आले. पण एक दुखणं राहिलंच. वीस वर्षं संसार केलेल्या बाईच्या तोंडावर विश्वास बसला नाही, तिच्या बुबुळांवर बसला. त्याला तुमच्याकडेही इलाज नाही.

आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल, तर अध्यक्षमहाराजांनी आणि सभेनं ते पोटात घालावं. आमच्या ह्यांनी मात्र घालू नये. त्यांच्याबद्दल मी एकही शब्द चुकून बोललेले नाही.